घाण्यातला गोचीड

धाकटीने शिवलेलं फडकं गवतावरून ओढलं की मागच्या कडेने गुंडाळलं जायचं, आणि त्यावरून दोघी बहिणींचं बरेच दिवस वाजत होतं.

थोरली गोचिडांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. धाकटी घरी शिवणकाम करायची. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, आणि वर्षातून एकदा बहिणीच्या प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या फलालीनची फडकी. फडक्याच्या पुढच्या नेफ्यात काठी घालायची, काठीला दोरी बांधायची आणि ते गवतावरून सावकाश ओढत न्यायचं. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसलेला गोचीड त्याला एखाद्या जनावराची पाठ समजतो आणि पकडतो. थोड्या पावलांनी फडकं उलटं करायचं, चिमट्याने एकेक उचलायचा, नळीत टाकायचा. थोरलीने अर्धं आयुष्य यात घालवलं होतं आणि तिला त्याचा कंटाळा आला नव्हता. घरच्यांना मात्र हे कामच वाटायचं नाही.

"तुझ्या त्या पाहुण्यांना बसायला गादी लागते की सतरंजी, ते एकदा मला बघू दे," धाकटी म्हणाली. "इथे बसून किती वेळा उसवू? दर वेळी तू येतेस आणि म्हणतेस, कड वळते. माझ्या टेबलावर तर नाही वळत."

"टेबलावर दव नसतं."

"मग मला दव दाखव."

अशी ती एका सकाळी बरोबर गेली. थोरलीने तिला पांढरे कपडे दिले, पायजमा मोज्यांत खोचला, मनगटांना उलटी चिकटपट्टी गुंडाळली. डोक्याची टोपी धाकटीने अर्ध्या तासात काढून टाकली. "डोकं शिजतंय माझं," ती म्हणाली, आणि थोरलीने "घाल परत" म्हटलं, पण एकदाच म्हटलं.

फडक्याचा दोष धाकटीला पहिल्याच फेरीत कळला. मागच्या कडेचा धागा ओला झाला की आखडत होता. तिने तिथेच गाडीच्या मागच्या सीटवर बसून कड उसवली, पिशवीतून पडद्याच्या तळाला घालतात ती शिशाची बारीक दोरी काढली, आत सरकवली आणि टाके घातले. पुढच्या फेरीला फडकं गवतावर असं बसलं की जसं काही तिथेच उगवलं होतं. त्या दिवशी मोठे गोचीड भरपूर मिळाले. पिल्लं मोजकीच, पण तीही मिळाली.

निघण्यापूर्वी गाडीपाशी उभं राहून एकमेकींचं अंग तपासायचं असतं. धाकटीच्या कानामागे, केसांच्या रेषेत, तिळाएवढं एक पिल्लू तोंड खुपसून बसलेलं होतं.

"लागला का माझा नंबर?" धाकटीने विचारलं.

"लागला. हलू नकोस."

थोरलीने चिमटा कातडीला अगदी टेकवून धरला आणि सरळ वर ओढला. पिळला नाही. तोंडासकट सबंध निघाला. तिने तो उजेडात धरून पाहिला, मान हलवली आणि दिवसाच्या नळीत टाकला.

टाकला, कारण तिथे तसंच करत. अंगावर सापडलेला गोचीडही त्याच कुरणातला, म्हणून तोही त्याच नळीत. हिशेबातून एकही निसटता कामा नये, असं ती स्वतः नव्या मुलांना शिकवायची. स्वतःच्या पोटरीवरचे, काखेतले कितीतरी तिने असेच नळीत टाकले होते.

पुढचं काम मिक्सरचं. हे त्याचं खरं नाव नव्हतं, पण गोचीड दळायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याला दुसऱ्या कुठल्याच नावाने हाक मारलेली आता कोणाला आठवत नव्हती. एकेक गोचीड वेगळा तपासायचा तर वर्ष पुरायचं नाही, म्हणून मोठे मोठ्यांत आणि पिल्लं पिल्लांत, दहा-दहा एकत्र दळायचे आणि त्या रसात विषाणू आहे का ते यंत्रावर पाहायचं. अहवालात त्याला 'गट' लिहीत. मिक्सर 'घाणा' म्हणायचा, आणि हळूहळू सगळेच घाणा म्हणू लागले होते. त्या दिवशीच्या पिल्लांचा एकच घाणा झाला.

आठवडा उलटला. दुपारच्या चहाच्या वेळी मिक्सर दारात आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"मॅडम, पिल्लांचा घाणा लागला."

थोरली उठून यंत्रापाशी गेली. पडद्यावरची रेघ सपाट जाता जाता वळली होती आणि सरळ वर चढली होती, म्हणजे रसात विषाणू होता. त्या कुरणात विषाणू आहे असं ती दोन मोसम सांगत होती आणि वरिष्ठ सर दोन मोसम "पुरावा?" विचारत होते. तिला इतका आनंद झाला की तिने मिक्सरच्या पाठीवर थाप मारली. असं तिने कधी केलं नव्हतं, म्हणून तो थोडा बावरला.

मग फोन वाजला. धाकटीचा नवरा होता.

"ताई, हिला काल रात्रीपासून ताप आहे. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते. दवाखान्यात आणलंय. तुम्ही येता का?"

रेघ अजून पडद्यावर तशीच होती.

"येते," ती म्हणाली. फोन ठेवून मिक्सरकडे वळली. "त्या घाण्यातलं काही उरलंय?"

"रस उरलाय की."

"रस नको. पिल्लं. पाय, कवच, काहीही. त्यातलं एक माझ्या बहिणीच्या कानामागचं होतं."

मिक्सरला समजायला वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. त्याने शीतकपाटातून नळी काढून दाखवली. तळाशी तपकिरी, गढूळ थेंबभर काहीतरी होतं.

"सगळं एकजीव झालंय, मॅडम," तो म्हणाला. "मला सांगितलं असतं तर वेगळं ठेवलं असतं."

"मला सुचलं असतं तर सांगितलं असतं."

दहांचा घाणा लागतो तेव्हा बहुधा त्यांतला एकच बाधित असतो. तो कुठला, हे दळल्यानंतर देवालाही सांगता यायचं नाही. त्याच कुरणातल्या गोचिडांत एक जिवाणूही होता, त्यानेही असाच ताप यायचा, अशीच डोकेदुखी. जिवाणूवर अँटिबायोटिक चालतं. विषाणूने शेवटी रक्तस्राव होतो, आणि त्यावर काहीच चालत नाही, फक्त एक सीरम सोडून. ते घोड्याच्या रक्तातून केलेलं होतं आणि प्रयोगशाळेतल्या माणसांना कधी अपघात झाला तर, म्हणून त्याच्या दोन कुप्या सरांच्या ताब्यात होत्या.

सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. एरवी प्रत्येक वाक्याला आडवे येणारे सर या वेळी मध्ये बोलले नाहीत.

"तुमची बहीण आपल्या कामाला आली होती," ते म्हणाले. "म्हणजे ती आपलीच. न्या. नियमाचं मी बघून घेईन." स्वतः उठून त्यांनी कुपी बर्फाच्या डब्यात ठेवली. "पण एक लक्षात ठेवा. हा विषाणू आधी गाठींमध्ये दडून बसतो. रक्तात दिसला की हे देऊन फारसा उपयोग नसतो. द्यायचं तर आता."

"माहीत आहे, सर."

"माहीत आहे हे माहीत आहे. तरी सांगतो."

वॉर्डच्या डॉक्टरीणबाई थोरलीहून लहान होत्या. डोळ्यांखाली काळं, खिशात अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. त्यांनी अँटिबायोटिक सुरू केलं होतं. बर्फाचा डबा पाहिला तेव्हा त्या एकदम सावध झाल्या.

"पेशंटला दमा आहे," त्या म्हणाल्या.

"लहानपणापासून."

"हे घोड्याचं सीरम. दमेकऱ्याला देताना मी एकदा पाहिलंय. सुई अजून आत होती तोवर घसा सुजला. आम्ही सगळे भोवती उभे होतो. सगळी औषधं हाताशी होती." त्यांनी पुढचं सांगितलं नाही. "दमा नसता तर आत्ता दिलं असतं. असलेल्या माणसाला नुसत्या शंकेवर नाही देणार. रक्त पाठवलंय, त्यात आज काही दिसायचं नाही. तेव्हा मला एकच सांगा. हिला चावलेल्या गोचिडात विषाणू होता?"

"त्या दहांत होता."

"मी दहांचं विचारत नाही."

थोरलीने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं.

"तुम्ही हो म्हणालात तर मी देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धोका आहे, तरी देते. नाही म्हणालात तर थांबते. हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

"मला विचार करू द्या."

"करा. फार नको."

धाकटी उशीला टेकून बसली होती. चेहरा लाल, ओठ सुकलेले, पण जीभ शाबूत.

"आली बघ गोचीडवाली," ती नवऱ्याला म्हणाली. "ताई, डब्यात काय आणलंस? आइस्क्रीम असेल तर याला देऊ नकोस, त्याने सकाळपासून माझी सगळी बिस्किटं खाल्लीत."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगावर अजून कामाचा निळा शर्ट होता, हातांना ग्रीसचा वास. तो हसला नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याने दाराआडून ऐकलं होतं.

थोरलीने दोघांना सगळं सांगितलं. दहा पिल्लं, एकच घाणा, सीरम, दमा. काही लपवलं नाही, आणि काही सोपं करूनही सांगितलं नाही.

"नळीत का टाकलात?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "तिच्या अंगावरून काढलात ना? वेगळा ठेवता आला असता."

"सवय," थोरली म्हणाली. "तिथे सगळे नळीतच जातात."

"दहातला एक," धाकटी म्हणाली. "म्हणजे लॉटरीपेक्षा बरं आहे की वाईट?"

"ताप आला नसता तर दहातला एक. ताप आलाय म्हणून जास्त. किती जास्त ते सांगता येत नाही. जिवाणू किती पिल्लांत होता ते आपण तपासलंच नाही."

"तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही."

"माहीत काय आहे ते नाही विचारलं. वाटतं काय?"

वाटण्यावर थोरलीने कधी काही केलं नव्हतं. वाटलेलं पुसून टाकण्यासाठीच ती एवढं शिकली होती.

धाकटीने तिच्याकडे पाहून डोळे मिटले. "बरं. ताई म्हणेल तसं," ती नवऱ्याला म्हणाली. "तू मध्ये बोलू नकोस."

तो तरीही बोलला. थोरलीला बाहेर, जिन्याच्या वळणावर घेऊन गेला.

"ताई, एक 'हो' म्हणा ना. एवढंच तर आहे. कोण तपासायला येणारे? सगळं दळून गेलंय."

"आणि तिचा श्वास बंद पडला तर?"

"आम्ही दोर तुटायची वाट बघत नाही. दोराची एक तार सुटलेली दिसली की बदलून टाकतो. तुटलाच असता का, हे कोणी विचारत नाही."

"दोर बदलताना आत बसलेला माणूस मरत नाही."

त्याने कपाळावर हात फिरवला, ग्रीसचा पट्टा उमटला. "तुम्हाला तिचं काही वाटत नाही असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण मला आता तसं वाटायला लागलंय."

ती तिथे जिन्यावर बसली. हो म्हटलं आणि पिल्लू कोरं असेल, तर साध्या तापातून बरी होणारी बहीण आपल्या शब्दाने गुदमरेल. नाही म्हटलं आणि तेच पिल्लू असेल, तर आपल्या शब्दाने रक्त ओकेल. दोन्ही बाजूंना आपलाच शब्द. मधे जे होतं ते एका नळीच्या तळाशी तपकिरी थेंब होऊन बसलं होतं, आणि ते तिनेच तिथे टाकलं होतं. पुन्हा पुन्हा तिला गाडीपाशी उभी असलेली ती स्वतःच दिसत होती, चिमटा उजेडात धरलेली. फक्त आणखी एक रिकामी नळी लागली असती. खिशात होत्याही.

ती उठली आणि डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"दहांतल्या एकात होता," ती म्हणाली. "तो हिला चावलेलाच होता असं मला सांगता येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्यांना हायसं वाटलं की नाही, ते कळलं नाही. "मग थांबू या. रोज सकाळी रक्त पाठवते. कुपी इथल्याच फ्रीजमध्ये राहू दे."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

धाकटीने भूक लागली म्हणून सांगितलं. नवऱ्याने उकडलेली अंडी आणली, तिने दोन खाल्ली, तिसऱ्याचं पिवळं त्याला दिलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या गाऊनची बाही उलटी शिवली आहे, हे तिने त्या बाईला समजावून सांगितलं. लिफ्टवाला थोरलीला म्हणाला, "काल मी काहीच्या बाही बोललो, ताई. मनात ठेवू नका." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही बरोबर होतात. गोळ्यांनीच उतरला."

थोरली डॉक्टरीणबाईंना शोधत गेली.

"ताप उतरणं दोन्हींत होतं," ती म्हणाली. "विषाणूचा ताप मधे एकदा उतरतो. मग परत चढतो."

"म्हणजे विषाणू आहे म्हणता?"

"नाही. म्हणजे कालच्यापेक्षा जास्त काही कळलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे थकलेल्या नजरेने पाहिलं. "बाई, तुम्ही मला दर वेळी येऊन माहीत नाही एवढंच सांगता. पेशंट जेवतेय, हसतेय. अशा माणसाच्या अंगात मी हे कसं टोचू?"

थोरली परत येऊन खाटेजवळ बसली. धाकटीने तिच्या हातात अंड्याचं टरफल ठेवलं. "हे पण नळीत टाक," ती म्हणाली आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसली.

असा एक दिवस गेला आणि अजून एक. रोजच्या रक्तात काही दिसलं नाही. थोरली प्रयोगशाळेत गेली नाही. मिक्सरने फोन करून विचारलं, घाण्याचा निकाल सरांनी वर कळवायला सांगितलाय, कळवू का? ती म्हणाली कळव. मग तो म्हणाला, "मॅडम, मी आता दळायच्या आधी सगळ्यांचे पाय तोडून वेगळे ठेवतोय. प्रत्येकाचा एक." ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला वाटलं की आपण ओरडू, पण नुसती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

तिसऱ्या सकाळी धाकटीने दात घासले आणि बेसिनमध्ये लाल थुंकली. हिरडी सोलली असेल असं ती म्हणाली. तासाभरात थंडी वाजून ताप चढला. सुई काढलेल्या जागी, दंडावर, निळा डाग पसरत गेला. रक्ताचा निकाल दुपारी आला. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला नाही, नुसतं थोरलीकडे पाहिलं, आणि फ्रीजकडे चालू लागल्या.

"आता दम्याचा विचार करत नाही," त्या जाता जाता म्हणाल्या.

सगळी तयारी केली. घसा सुजला तर द्यायची इंजेक्शनं ट्रेमध्ये मांडली, ऑक्सिजनची नळी नाकाला लावली, दोन परिचारिका दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सीरम थेंबथेंब सुरू झालं. सगळे धाकटीच्या गळ्याकडे, छातीकडे पाहत होते. श्वास जलद होता, तापाने होतो तसा. छातीत दम्याची शिट्टी वाजली नाही. पुरळ आलं नाही. ओठ सुजले नाहीत. थेंब पडत राहिले, छाती खाली-वर होत राहिली, आणि बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंनी ट्रेवर कापड टाकलं.

"सोसलं," त्या म्हणाल्या, आणि कोणाकडेही न बघता दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

लिफ्टवाला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. दोन्ही हातांनी लोखंडी दांडी धरून.

"काहीच झालं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे त्या दिवशी दिलं असतं तरी काही झालं नसतं."

"नसतं झालं."

तो पुढे काही बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. जे काही म्हणेल ते ऐकून घ्यायचं तिने ठरवलं होतं. पण त्याने तिला दोष दिला नाही. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. दांडी सोडून तो तिच्याजवळ आला आणि खाली वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"ताई, आता उपयोग होईल ना याचा?"

सर काय म्हणाले होते ते तिला माहीत होतं. त्यांनी सांगायच्या आधीही माहीत होतं. रक्तात दिसल्यानंतर सीरम दिलेले पेशंट किती वाचले, तो आकडा लिहिणारी तीच होती.

"होईल," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

त्याने एक मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. इतके दिवस तो उभा होता, आता कुठे त्याला गुडघे असल्याची आठवण झाली, तसा तो खुर्चीवर बसला, आणि लगेच उठला. आईला फोन करतो म्हणाला. दार उघडं राहिलं आणि बाहेरच्या पॅसेजमधून त्याचा आवाज येत राहिला.

"हो आई, दिलं औषध. नाही, नाही, रडू नकोस. ताईंनी स्वतः सांगितलंय, नक्की म्हणाल्या. अगं, ताई माहीत असल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नाहीत. तुला माहितीये ना त्या कशा आहेत."

धाकटीच्या ओठाच्या कोपऱ्यातून बारीक लाल रेघ खाली आली होती. थोरलीने ओला कापूस घेतला आणि ती पुसली. थोड्या वेळाने परत पुसली.